काळ्या मातीची खोली

१५ सप्टेंबर २०२४, रविवार
रोजनिशीबाई, माफी असावी. फेब्रुवारीनंतर आजच लिहितो आहे. आधी चष्मा सापडत नव्हता. सापडला तेव्हा बीपी वाढलेलं होतं. तिसरं कारण आत्ता आठवत नाही, पण होतं.

हेमचंद्राचा पुण्याहून फोन. दसऱ्याला येतो, चार दिवस. सूनबाई दमयंती आणि साडेतीन वर्षांची अंबिका सोबत. उतरणार कुठं, हे मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. मागच्या वर्षी त्यांच्यासाठी मुद्दाम खोलीला पिस्ता कलरचा ऑइलपेंट मारला होता. तोंड दिसेल असा चकाकत होता. वासानं अंबिकेला शिंका लागल्या आणि तिघं हॉटेलात गेली. चार दिवस खोलीत नवी गादी तशीच पडून.

यंदा असं होणार नाही.

१६ सप्टेंबर
सूनबाईंनी मोबाइलवर एक फोटो धाडला. कुणा मैत्रिणीचं घर. मातीची भिंत, टोपलीचा दिवा. खाली लिहिलं होतं, बाबा, असं नॅचरल मटेरियल लहान मुलांना किती चांगलं.

मग अडचण काय? मी पिशोर गावचा. मातीच्या घरात जन्मलो. सातवी नापास असलो तरी या विषयात मला कुणी शिकवू नये.
संकल्प एक : १ ऑक्टोबरच्या आत खोली तयार.
संकल्प दोन : कुणाला विचारायचं नाही.

१९ सप्टेंबर
पिशोरच्या कडूबाला, म्हणजे चुलतभावाला, फोन करून विचारलं. (विचारलं नाही, माती सांगितली.) तो म्हणाला, दादा, गावठाणातली पांढरी माती आणतो, भिंतीला तीच लागती. मी म्हणालो, आपल्या वावरातली काळी आण. नातीचा हात आपल्या मातीला लागला पाहिजे. तो म्हणाला, दादा, काळी लई वंगाळ, भिंतीवर टिकत नाय, वाळली की फाटती. मी म्हणालो, तू आमचं बजाजनगर पाहिलंस का कधी? इथं फिनिश वेगळं असतं.

द्वारका, म्हणजे आमची ही, म्हणाली, पित्रपाटात कुणी नवं काम काढतं व्हय? मी म्हणालो, माती जुनीच आहे.
ती भाकरी थापायला उठली. मी बरोबर असलो की ती अशीच उठून जाते.

२२ सप्टेंबर
पिकअप आली. माती, शेण, गव्हाचा भुसा. सगळं गेटसमोर ओतून कडूबा चहा न घेता गेला. शेजारच्या मनकर्णाबाई गॅलरीतून ओरडल्या, काय हो भाऊ, हॉलमध्ये गहू पेरता का औंदा? मी गेट लावून घेतलं. अडाणी प्रश्न.
चिखल तीन दिवस भिजवायचा, रोज तुडवायचा. गुडघा बोलतो आहे.

२५ सप्टेंबर
पहिला थर लावला. चहा पिऊन आलो तर सगळा खाली बसलेला. ऑइलपेंट धरू देत नाही. मागच्या वर्षीचा पेंटर मला पुढचं काही बोललाच नाही, चूक त्याची.
उपाय सापडला. भिंतीला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या ठोकायच्या, त्यावर चिखल.

२७ सप्टेंबर, संध्याकाळी
झालं! चारी भिंती काळ्याभोर. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं पिशोरहून मागवलं होतं, ते उलटं टांगून आत बल्ब सोडला. द्वारका म्हणाली, उकिरड्यावर लाइट लागल्यागत दिसतं. फोटो सूनबाईंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. म्हणजे पसंत.

३० सप्टेंबर
तीन दिवस पाऊस. भिंत वाळत नाही. कूलर लावला. आता कूलरही ओला वास मारतो.

३ ऑक्टोबर, घटस्थापना
द्वारकेनं घटासाठी उरलेली माती नेली. देवघरात पत्रावळीवर माती, त्यात गहू, वर घट. छान झालं.
खोलीच्या भिंतीवर हिरवी छटा दिसते. बहुतेक प्रकाशाची.

५ ऑक्टोबर
प्रकाशाची नाही. भुशात दाणे होते. भिंतीला गहू उगवला आहे. चारी भिंतींना. देवघरात घटाखाली पेरलेल्या गव्हापेक्षा दोन बोटं उंच.

उपटायला गेलो तर द्वारकेनं मनगट धरलं. म्हणाली, नवरात्रात मातीतून आलेलं धान उपटता? डोकं ठिकाणावर आहे का? दसऱ्याशिवाय हात लावायचा नाय. मी म्हणालो, ही भिंत आहे. ती म्हणाली, मातीला काय ठाऊक?

उत्तरासाठी खाली एक ओळ मोकळी सोडली. उद्या सुचेल.

७ ऑक्टोबर
सुचलं नाही. मनकर्णाबाई हळदकुंकू घेऊन आल्या. त्यांनी गल्लीतल्या बायका आणल्या. भिंतीला कुंकू लागलं. मी कूलर लावून वाळवतो, त्या तांब्यानं पाणी शिंपडतात. मी म्हणालो, बाई, पाणी नको. त्या म्हणाल्या, भाऊ, देवीला तहानलेलं ठेवता का? मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

९ ऑक्टोबर
आरतीला वीस जणी. चपलांतून वाट काढत स्वतःच्या घरात शिरलो. एकीनं विचारलं, आजोबा, तुम्ही कुठले? वरच्या बाजूला भेगा पडल्या आहेत, बोट जाईल एवढ्या. कडूबाला कळवायचं नाही.
संकल्प : पोरं येताच सगळं समजावून सांगायचं. हेमचंद्र ऐकेल. लहानपणी ऐकायचा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
आले. सूनबाई दारातच थांबल्या. चारी भिंती पाहून म्हणाल्या, बाबा, हे फारच रॉ झालंय. मी धन्यवाद म्हणालो. हेमचंद्र डाल्याकडे पाहत होता. डाल्यातून एक पीस गिरक्या घेत त्याच्या खांद्यावर उतरलं.

अंबिका मात्र धावत आत गेली. भिंतीला गाल लावला. म्हणाली, आजोबा, तुमच्या भिंतीला केस आलेत! दोन्ही हात काळे करून घेतले. आपल्या वावराची माती. मी सांगणार होतो तिला.
मग शिंका. एक, दोन, अकरा. मी मोजत होतो, दुसरं काही करता येत नव्हतं.

हॉटेल वेरूळ रस्त्याला आहे. हेमचंद्र म्हणाला, बुकिंग आधीच केलं होतं, बाबा, असावं म्हणून.
आधीच.

१२ ऑक्टोबर, दसरा
घट उठले. द्वारकेनं देवघरातलं धान काढून माझ्या टोपीत तुरा खोवला. मग भिंतीचं उपटायला लागली, तर मुठीबरोबर तुराट्यांसकट अख्खा थर आला. एक भिंत आडवी. मागचा पिस्ता कलर जसाच्या तसा, चकाकत. त्यात मी दिसलो. टोपी, तुरा, सगळं.

दुपारी सोनं द्यायला ते आले नाहीत. फोन आला. अंबिकेची छाती भरली आहे, हॉटेलातूनच पुण्याला निघतो. मध्येच अंबिकेनं फोन घेतला. म्हणाली, आजोबा, इथली भिंत पण मातीची आहे, पण हिला केस नाहीत.
द्वारकेनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, पसंत पडली.

संध्याकाळी हेमचंद्राला पाठवायचा मजकूर आधी इथं लिहून पाहतो :
चि. हेमचंद्र, पोचलात का? अंबिकेचा श्वास कसा आहे? तिच्या वाटणीचा तुरा पुस्तकात ठेवला आहे. तीन भिंती अजून उभ्या आहेत. कडूबाला पांढरी माती सांगितली आहे. दिवाळीला येणार का, आणि आलात तर उतरणार कुठं, तेवढं लवकर कळव. माती तीन दिवस आधी भिजवावी लागते.