पायलचा जड हात

आर्णी, श्रावण

ती. इंदुताईंना नलूचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांना आता उतार असेल. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, आता खरं काय ते लिहिते. फोनच केला असता, पण फोन नानाजींच्या खाटेच्या उशाशी आहे आणि गाऱ्हाणं नानाजींचंच आहे. (तुमचे वडील आहेत, म्हणून जपून लिहिते. जिथं जपणं सुटेल तिथं माझं डोकं फिरलं होतं असं समजा.)

तुम्ही दिवाळीनंतर आला होतात तेव्हा बैठकीत कापसाचा ढीग होता. तो अजून आहे. भाव चढेल, भाव चढेल म्हणत नानाजींनी उन्हाळा काढला. पाऊस लागला, शेतात नव्या कापसाची पऱ्हाटी गुडघ्याला आली, तरी जुना कापूस बैठकीतून हलायचं नाव घेत नाही. पाहुणा आला की आधी ढिगाला टेकतो आणि मग खाजवत उठतो. आता तुम्ही म्हणाल, नलू लेकीच्या कराटेचं लिहायचं सोडून कापसाचं काय घेऊन बसली. ताई, सगळं त्या ढिगातूनच निघालं आहे.

पायलला संघदीप सरांच्या क्लासमध्ये घालायचं तुम्हीच सुचवलं होतं (आठवत असेलच). त्यांच्याकडे पॉइंटचा खेळ असतो. समोरच्या पोरीला ठोसा फक्त टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा. टेकला की पॉइंट, जोरात लागला की ताकीद, समोरची खाली बसली तर मारणारीच बाद. मला हा खेळ पसंत होता. नाकडोळे शाबूत राहतात आणि पोरगी शिकतेही. सरांनी सांगितलं की विकतचे हातमोजे महाग पडतात, घरी जाड कापडाचे शिवा आणि आत गादीवाल्याकडची पिंजलेली रुई भरा. मी मोजे शिवले, तोंड उघडं ठेवलं आणि नानाजींना म्हटलं की बाजारात जाताच आहात तर तेवढी रुई आणा. संध्याकाळी पाहते तर मोजे भरून, दाभणानं शिवून तयार. हाताला टणक लागले, पण मला वाटलं म्हातारा माणूस आहे, मन लावून ठासले असतील.

पहिल्याच सामन्यात ढाणकीची उर्वशी बरगडी धरून मटकन खाली बसली. पायल बाद. दुसऱ्या सामन्यात दुसरी पोरगी बसली, पायल पुन्हा बाद, आणि त्या पोरीच्या आईनं सामने होते त्या मंगल कार्यालयात सगळ्यांदेखत मला असं झाडलं की माझी साडी नवी होती हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. पायल रडत एकच सांगत होती, "आई, म्या हळूच लावला वं!" कोणाचा विश्वास बसेना. संघदीप सरांनी निर्वाणीचं सांगितलं की पुन्हा कोणाला लागलं तर नागपूरला खेळायला जाणाऱ्या संघातून तिचं नाव कटलं. पोरगी जेवली नाही. इकडे नानाजी मात्र खाटेवर मिशीला पीळ देत बसलेले. जो येईल त्याला, दूधवाल्यालासुद्धा, ऐकवत होते, "घराण्याचा हात हाय तो! माहा आजा एका थापडीत गोऱ्हा बसवे." (तुमच्या पणजोबांची ही कीर्ती मी लग्नानंतर कधी ऐकली नव्हती. तुम्ही ऐकली होती का?)

ही कीर्ती खेमसिंग सरांच्या कानावर गेली. त्यांचा क्लास बसस्टँडमागे आहे आणि तिथं पॉइंटबिइंट काही नाही. मोज्यांशिवाय, मोकळ्या हातांनी खरोखरचं मारायचं, समोरचा पडेपर्यंत. ते घरी आले, ढिगाला टेकून चहा प्याले आणि म्हणाले, "वहिनी, असा हात टेकवण्यात वाया काहून घालता?" मी नाही म्हटलं. नानाजींनी हो म्हटलं. या घरात कोणाचं चालतं ते तुम्ही माहेरी असताना पाहिलंच आहे.

रविवारी पायल गेली. मोकळ्या हातानं तिनं जीव खाऊन ठोसा मारला, तर समोरची पोरगी हललीसुद्धा नाही. उलट तिनं अशी लाथ घातली की पायल लंगडत घरी आली. खेमसिंग सर बुचकळ्यात पडले, की हात गेला कुठं? नानाजींनी त्याचं खापर माझ्या पातळ वरणावर फोडलं.

आणि परवा, ताई, न्हाणीजवळ खुंटीला ते घामट, ओलसर मोजे लटकलेले. धुवायला काढले तर शिवणीतून हिरवं काही डोकावत होतं. मला वाटलं शेवाळ. पाहते तर दोन पानं! मोजा उसवला. आत रुई नव्हतीच. ढिगातला कापूस बिया न काढता, सरकीसकट दगडासारखा ठासून भरलेला, आणि त्यातली एक सरकी पावसाळा पाहून उगवलेली. नानाजींसमोर तो मोजा धरला. शरमायचं सोडून म्हणाले, "घरी ढीग पडून असता रुई इकत कायले आणू? अन् साऱ्या जिल्ह्यात यंदा माह्या कापसाले कोणी इचारलं नाही. त्या पोरींनी तरी दखल घेतली!" मी कपाळावर हात मारला. पायल आधी नाचली, "पाह्य, म्या हळूच लावत होती!" मग आपल्या मुठीकडे पाहत राहिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "म्हंजे आई, माह्या हातात काहीच नाही?" मला, ताई, फार वाईट वाटलं.

तोच मोजा मी संघदीप सरांना नेऊन दाखवला, तर ते रोपट्याकडे पाहून हसले. नाव कायम ठेवतो म्हणाले, पण मोजे नवे पाहिजेत.

मुलांना आशीर्वाद. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
नलू

ता. क. पत्र याच्यासाठीच लिहिलं: नागपूरहून विकतच्या हातमोज्यांची एक जोडी एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाठवा. आत्याकडून राखीची भेट म्हणून सांगा. मी मागवली हे नानाजींना कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं होतं. मोजे पाठवू नका. नानाजी कालपासून ढिगाशी बसून एकेक सरकी बोटांनी काढून रुई वेगळी करत आहेत. पायल म्हणते, घालीन तर याच रुईचे घालीन. शेवटी मीही बसले. बोटांना खाज सुटली आहे, म्हणून अक्षर असं आलं.

ता. क. तिसरा. मोज्यांऐवजी, मार लागला तरी दात वाचावेत म्हणून दातांत धरायचं रबर मिळतं, ते पाठवा. पायल आज पुन्हा खेमसिंग सरांकडे गेली. मी ओढून आणायला म्हणून मागोमाग गेले. त्याच पोरीची लाथ खाऊन ती खाली बसली, उठली, आणि मोकळ्या मुठीनं एक ठोसा दिला. ती पोरगी "आई गं" म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलं.