मडक्यांचा दिवस

आई,

परदेशातल्या माझ्या बेडोकच्या फ्लॅटवर तू राहायला आलीस, त्याच्या दुसऱ्याच सकाळी ओट्यावरच्या फळीवरचा ऑलिव्ह तेलाचा दिवा तुझ्या नजरेला पडला. मूर्ती नाही, फोटो नाही. "हा कोणाचा गं?" तू विचारलंस. मी चहा गाळता गाळता, तुझ्याकडे न बघताच सांगितलं, "हेस्तियाचा. ग्रीकांची चुलीची देवी." विद्यापीठात संशोधन करता करता प्रयोगशाळेच्या संगणकावर, ई-मेलवरून, मला कुठकुठली माणसं भेटली होती, ते जुने देव पुन्हा पुजणारी. तू रागावशील म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तू एवढंच म्हणालीस, "आपल्याकडे काय देवांचा दुष्काळ पडला होता?" आणि दुपारी कुकर उघडल्यावर पहिला भात वाटीत काढून दिव्यापुढे ठेवलास. "चुलीची आहे ना? मग तिला उपाशी ठेवून आपण कसं जेवायचं?" पहिला घास तिचाच असतो, हे मी तुला सांगितलंही नव्हतं.

ग्रीकांचे महिने अमावास्येनंतर सुरू होतात, आणि एका महिन्याच्या तेराव्या दिवशी मडक्यांचा सण असतो म्हटल्यावर तू पंचांगच काढून बसलीस. "हा तुझा मडक्यांचा दिवस माघातल्या तेरसेला येतोय बघ. काय करतात?"

"गेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी सगळी धान्यं एका मडक्यात शिजवायची. आपण चाखायचं नाही."

"म्हणजे पितरंच की!" तू खूश झालीस. त्या दिवसाचा शेवट कसा करतात, ते मी तुला सांगितलं नाही.

पुण्याला परतलीस आणि दिवाळीनंतर गेलीस. मी विमानतळावरून घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादा म्हणाला, "तू तिकडे कोणाचे देव पुजतेस ते तुझं तू बघ. आईचं आम्ही यथासांग केलंय." परत आले, तर तू इथे माझ्याआधीच येऊन बसलेली. कुकरची शिट्टी झाली की तू गॅस बारीक करायला उठतेयस असं वाटायचं. जेवण जाईना, कामात चुका व्हायला लागल्या. तू जवळ आहेस याचं सुख होतं, आणि त्याच सुखाने जीव गुदमरत होता.

माघातली तेरस आली. मी रजा काढली. गहू, जव, मूग, तू आणलेली मटकी डब्याच्या तळाशी उरली होती ती, सगळं मंद आचेवर शिजवलं. दिवसभर तुझ्याशी बोलत होते. पण सूर्य मावळला की दारात उभं राहून गेलेल्यांना सांगायचं असतं, सण संपला, आता घराबाहेर व्हा. जिला अग्नी देतानाही मी हजर नव्हते, तिला हे सांगायचं? दार उघडं टाकून मी नुसतीच उभी राहिले.

कॉरिडॉरमध्ये शेजारची चिनी आंटी कुंड्यांना पाणी घालत होती. "कोणाची वाट बघतेस?"

"आई आलीय. तिला जायला सांगायचंय."

तिला काहीच नवल वाटलं नाही. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात तीही आपली गेलेली माणसं बोलावते, जेवू घालते, निरोप देते. "टेल हर नाइसली, लाह," ती तिच्या इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली. "नाहीतर तिला कसं कळणार, घरी जायची वेळ झाली?"

मग मी ते वाक्य म्हटलं. दार लावलं. घर रिकामं झालं, खरंच झालं, आणि मला भूक लागली. कित्येक आठवड्यांनी मी पोटभर जेवले. त्या जेवणाची लाज अजून गेलेली नाही.

आता मी मरीन परेडला राहते. तो दिवस दरवर्षी करते. आंटी सांगायची, कागद जाळला की गेलेल्यांना पोचतो. हे पत्र मी जाळणार नाही. ते वाक्य मी ग्रीकमध्ये म्हटलं होतं, आई. विधी तसा आहे म्हणून नाही. तुला कळू नये म्हणून.