मोटारीचे अस्तर आणि माझी खोटी साक्ष

मी कोंडाजी रावजी घरत, वय सहासष्ट, धंदा शिडे व मोटारींच्या गाद्या शिवण्याचा, राहणार रेवस, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. दम्याने बेजार आहे, पण डोके शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो.

कलम १. राहते घर मी स्वकष्टाने बांधले. ते मुलगी जनी हिला द्यावे. मुलगा रामचंद्र याने त्यावर हक्क सांगू नये. कारण पुढे देतो; लिहितानाही किळस येते.

कलम २. सन १९३४च्या वैशाखात अलिबागच्या एका वकिलांची पक्क्या टपाची मोटार आमच्याकडे आली. खाऱ्या हवेने छताचे आतले अस्तर कुजून लोंबत होते, बसणाऱ्याच्या डोक्याला लागे. असे अस्तर पुरे उतरवावे, नवे कापड टपाच्या आडव्या पट्ट्यांना शिवावे, ताणावे, मग कडेने चुका (बारीक खिळे) माराव्या. चार दिवसांचे काम. मी अंथरुणावर होतो, म्हणून रामचंद्रावर सोपवले. त्याने त्याच कुजक्या कापडाला तांदळाची खळ फासून ते वर चिकटवले आणि दुपारीच मोटार परत केली.

तिसऱ्या दिवशी खिंडीच्या उतारावर खळ सुटली. सगळे अस्तर ड्रायव्हर हिरामणच्या तोंडावर आले. मोटार खड्ड्यात गेली. हिरामणचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

वकिलांनी आम्हाला बोलावले. रामचंद्र म्हणाला, "अस्तर मोटार पडल्यावर फाटलंय. हिरामण प्यालेला व्हता."

"कोंडाजी, तुम्ही सांगा," वकील म्हणाले.

मी मोटारीत डोकावलो. आंबलेल्या खळीची घाण आली. कापडाला एक टाका नव्हता. बाहेर येऊन म्हणालो, "व्हय साहेब. तो पितो."

हिरामणला मी जन्मात प्यालेला पाहिला नव्हता.

त्याची नोकरी गेली, 'दारुड्या' हे नाव राहिले. त्याची बायको ठमी मिठागरात टोपल्या वाहते. रामचंद्र मात्र हा किस्सा सणाच्या पंगतीत हसून सांगतो. ते ऐकले की किळस येते आणि मी ताट सारून उठतो. त्याहून शिसारी मला माझ्याच तोंडाची येते.

कलम ३. माझी हत्यारे हिरामणला द्यावीत, असे आधी लिहिले होते. ते रद्द. काल तेच सांगायला त्याच्या दारात गेलो.

"मी खोटं बोललो व्हतो. माझी हत्यारं तुझ्या नावानं करतो," म्हणालो.

"मला ठाव हाय. हत्यारं एका हातानं चालवू व्हय? चारचौघांत बोल."

"कागदावर लिवून ठेवतो. मी गेल्यावर वाचतील."

हिरामण थुंकला. "म्हंजे तू सुटलास."

ठमीने दार लावून घेतले.

कलम ४. हत्यारे जनीने वाटेल त्याला द्यावीत. कलम २ मात्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. उद्या सकाळी बोट लागायच्या वेळी, रेवसच्या धक्क्यावर माणसे जमली की मी स्वतः ते मोठ्याने वाचणार. वकिलांनाही निरोप धाडला आहे. दम लागला तर थांबेन, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचेन.

सही : कोंडाजी रावजी घरत

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार :
१. भागोजी हरी पाटील
२. गुणाजी काना म्हात्रे, निशाणी डाव्या अंगठ्याची

मुक्काम रेवस, तारीख १४ फेब्रुवारी १९३७