झोक्याची करकर

प्रकाशे,
१० एप्रिल १९६७

प्रिय सुकलाल,

तुझी पहिली रेकॉर्ड धडधाकट पोचली. कव्हर अजून छापायचंय, गाणारणीचं नाव टाकू का ते कळव, असं तू लिहिलंस. शिवाय कंपनीच्या साहेबांना मधली करकर खोट वाटते, ती काढायची म्हणतात. दोन्हींचं उत्तर आठ दिवसांत हवं म्हणे. अजून तसाच उतावळा आहेस!

मामंजींनी सुरतेहून आणलेल्या बॅटरीच्या प्लेअरवर घरातल्या सगळ्यांनी ती ऐकली. तंबोऱ्याच्या जागी तू रेडिओच्या व्हॉल्व्हमधून काढलेला तो सूर लागला, तेव्हा मला वाटलं बॅटरीच बिघडली. मग त्यावर माझा भीमपलास आला आणि हातातली परात सुटता सुटता राहिली. गाढवा, इतकं सुंदर केलंस? लहानपणी तुला 'सा' लावायला शिकवताना मारलेल्या सगळ्या टपल्या मी परत घेते. मामंजी डोळे मिटून म्हणाले, "घरंदाज बाई दिखस. सासरनं नाव काढी." कोण गातेय असं त्यांनी विचारलं, तर मी मुंबईची कोणी आहे म्हणाले आणि चुलीपुढे जाऊन रडले.

लग्न ठरतानाची बोली तुला माहीत आहे. सून एकटी गाणार नाही. कानबाईदेवीच्या गाण्यांत चारचौघींत आवाज मिसळला तर चालतो, तेवढाच. सहा वर्षांत आखाजीला, लेकींच्या त्या सणाला, मी माहेरी आले एकदाच. त्या दुपारी अंगणातल्या निंबाच्या झोक्यावर मी गायले, तू टेपचं मशीन लावलंस, दोर करकरत होता आणि आता तू त्याचाच ठेका केलास. यंदाही मला पाठवणार नाहीत. नणंदा येणार, मग त्यांच्या सांजोऱ्या कोण करणार? त्यांचा झोका मी बांधायचा आणि बसायचं त्यांनी. चीड येते रे, फार चीड येते. पण बोलू कुणाजवळ?

काल पुरुषमंडळी शेतावर गेल्यावर सासूबाईंनी मला पुन्हा रेकॉर्ड लावायला सांगितली. करकर सुरू झाली तशी त्यांनी निवडायची मिरची बाजूला सारली. "हाऊ आखाजीना झोका शे ना वं?" मी मान खाली घातली. वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या. रेकॉर्ड संपली तर म्हणाल्या, अजून एकदा लाव. चौतीस वर्षांत आखाजीला त्या स्वतः तीनदाच माहेरी गेल्या, हे मला तेव्हा कळलं.

हे पाकीटही आज त्यांनीच पदराखालून काढून दिलं. नावाचं मी विचारलं, तर त्या नुसत्या नाही म्हणाल्या. खरं सांगू? माझीही छाती होत नाही. तेव्हा माझं नाव छापू नकोस. पण साहेबांशी हवं तर भांड, ती करकर तेवढी राहू दे. सासूबाईंनी निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहिते: "त्याले लिख, झोका नको काढजो. आमले तेवढाच भेटस."

तुझीच, कव्हरवर नसलेली,
सिंधुअक्का