चार हजार दोनशे बारा

तीर्थस्वरूप मामांना,

तुमचा हात डोक्यावर आहे असं धरून नमस्कार. पाठदुखी कशी आहे? डॉक्टरांनी तुमचा फोन काढून घेतल्याचं मामींनी कळवलं. बरंच झालं, इथली बातमी फोनवर ऐकून पाठ पुन्हा धरली असती.

बातमी अशी, की रजेवर जाताना तुम्ही खालच्या मजल्यावरच्या संगणकाला बाटल्यांची लेबलं छापायला लावलंत, ती अजून छापली जाताहेत. (हे पत्र त्यांच्याच पाठीवर आहे, बोटं जपा.) रोल संपला की नवा लावायचा हा तुमचाच नियम, त्यामुळे भांडारवाल्या काकू न चुकता लावतात. थांबवायचं कुणी, यावर वरच्या आणि खालच्या मजल्यात दोन दिवस पत्रव्यवहार झाला. शेवटी साहेब मला म्हणाले, "तुझे मामा सांगत होते, तुला सी भाषेत प्रोग्राम लिहिता येतो."

येतो म्हणजे, पुस्तक अर्धं वाचलंय. (मध्येच बोटीवर रंगारी म्हणून गेलो. तिथला आचारी मोठा वल्ली, पण ते नंतर.) चालू प्रोग्रामला त्याच्या क्रमांकावर सिग्नल पाठवला की तो बंद पडतो, एवढं त्या अर्ध्यात होतं. जिन्यातून ओरडून क्रमांक विचारला. काकूंनी पडद्यावर बघून सांगितला, चार हजार दोनशे बारा. मी साहेबांच्या खुर्चीत, साहेबांच्या संगणकावर चार ओळी लिहिल्या आणि दिला सिग्नल सोडून.

खाली लेबलं चालूच. वर साहेबांचं भाषण गेलं. तीन दिवस लिहीत होते, एकदाही सेव्ह केलं नव्हतं. विषय होता, मजल्यामजल्यांतला समन्वय.

उरलेल्या अर्ध्या पुस्तकात लिहिलंय की हे क्रमांक ज्या त्या संगणकापुरतेच. चार नंबरची खोली प्रत्येक लॉजमध्ये असते, त्यातलंच. सिग्नल आपल्या संगणकाचा उंबरा ओलांडत नाही. म्हणून खाली एक निरोप्या प्रोग्राम बसवायचा, वरून नेटवर्कवर त्याला निरोप द्यायचा, आणि सिग्नल त्यानं तिथल्या तिथे सोडायचा. (हे शिपायाला समजावलं तर म्हणाला, "मग मलाच पाठवा की, मी बटण बंद करतो." पण बटण तुमच्या कुलूपबंद कपाटात.)

निरोप्या लिहिला. निरोपही त्याला बिनचूक पोचला. पण तुमच्या नावानं सुरू केलेला प्रोग्राम बंदही तुमच्याच नावानं होतो म्हणे. माझ्या निरोप्याला संगणकानं परवानगी नाही म्हणून वाटेला लावलं. साहेबांनी बजावलंय, "सोमवारी लेबलं चालू दिसली, तर तू इथे दिसायचा नाहीस."

मामींना नमस्कार. पाठ शेकत जा.

तुमचा,
भाचा

ता. क. पत्र घेऊन शिपायालाच पाठवलंय. तुमचा पासवर्ड त्याच्याच हाती द्या. तो कपाटाची किल्ली मागेल, ती देऊ नका. किल्लीनं भागलं तर निरोप्या कशाला लिहिला, असं साहेब विचारतील.

आणखी एक ता. क. काकू म्हणतात, किती लेबलं हवीत तो आकडा तुम्ही भरलाच नव्हता. साहेबांना हे अजून ठाऊक नाही. पासवर्डसोबत 'भाचा हुशार आहे' अशी दोन ओळींची चिठ्ठी द्या; मग त्यांनी आकड्याचं विचारलंच, तर मी बोटीवरच्या आचाऱ्याची गोष्ट सुरू करीन.