बोर्डावरचं बटन

आई, बाबांनी टीव्ही लावला. सांगायचं तर एवढंच होतं. पण कसं झालं ते पूर्ण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि मी बोलायला लागली की थांबत नाही हे तुला माहीतच आहे.

तू गेली तेव्हा मी दहावीत होती. आता गोंदियात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी टीव्हीच्या डब्यांचे व्हिडिओ बनवते. तुझ्या वेळी छतावर छत्री होती, आता सगळं नेटवर चालते. डबे इतके आलेत की लोक कन्फ्यूज होतात, मग मला विचारतात, "ताई, कोणता घेऊ?" मला काय मजा येते सांगू! दोन डबे समोरासमोर ठेवायचे, पिक्चर किती साफ दिसते ते पाहायचं, रिमोट पाहायचा, कोण पटकन चालू होते ते पाहायचं. पण बाकीचे व्हिडिओवाले डबा रिमोटनेच बंद करतात आणि रिमोटनेच चालू करतात. मी बोर्डावरचं बटन बंद करून, परत चालू करून पाहते. ती सवय तुझी आहे.

आठवते? तू स्वयंपाकघरात लाखोरीची डाळ घोटून राहिली आहे, हॉलमध्ये तुझी सिरियल चालू आहे, आणि तू न पाहताच आतून त्यातल्या सासूला शिव्या देते, "थांब वो बुढे, तुलेच भोगा लागल!" मग जेवणं झाली की पदराला हात पुसत येते आणि सरळ बोर्डावरचं बटन बंद करते. मी तेव्हा इंग्लिश मीडियमची शहाणी. म्हटलं, "आई, रिमोटने बंद कर ना, तो स्टँडबायवर राहते." तू टीव्हीच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. "आपण झोपून राहिलो, न हा काऊन जागा हाय?" "अगं, तो तसाच असतो." "मंग त्याले सांग, झोप म्हणून." आणि खट्‌. वीज कडाडली तर तू वायरपण काढायची. आपल्या सडक अर्जुनीत अजूनही घरोघरी हेच करतात, म्हणून तर लोक माझ्या व्हिडिओखाली लिहितात, "हे कोणी सांगतच नाही."

तू गेल्यावर बाबांनी टीव्ही बंदच केला. रिचार्ज संपला, त्यांनी केला नाही. मी म्हटलं की म्हणायचे, "कोणासाठी लावू बेटा?" फोनवर मागे काहीच आवाज यायचा नाही. मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून घरी नेट घेतलं आणि माझ्याकडचे दोन डबे बॅगेत टाकून नेले. एक छोटा काळा, एकदम फास्ट, बोललं की शोधून देणारा. दुकानात कोणीही पाहिलं तर तोच उचलेल. दुसरा नेटवाल्यांचा, जाडा, स्लो, रिमोटवर मोठे नंबर.

मी अर्थातच काळा लावला. सगळं मराठीत करून दिलं. दुसऱ्या दिवशी बाबा धानाच्या बांधीतून आले, बोर्डावरचं बटन दाबलं. बोर्डावरून पूर्ण बंद झालेला, म्हणून डबा चालू व्हायला वेळ लागला, मग स्क्रीनवर आलं, "कोण पाहत आहे?" खाली एक गोल, त्यात 'बाबा'. बाजूला अजून एक गोल, रिकामा, अधिकचं चिन्ह असलेला. बाबा उभेच राहिले. "हे विचारते, कोण पाहून राहिलं. आता कोण पाहीन? मीच तं हाव." आणि त्यांनी बटन बंद केलं. मी स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी घासली.

संध्याकाळी जाडा डबा लावला. तुझं सिरियलवालं चॅनल लावून ठेवलं आणि तुझ्यासारखंच खट्‌. दुसऱ्या दिवशी बाबांनी बटन दाबलं. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग सरळ कुठली तरी सासू कोणाला तरी ओरडायला लागली. काही विचारलं नाही, काही निवडायला लावलं नाही. जिथे बंद केलं होतं तिथूनच सुरू. बाबा तसेच मागच्या अंगणात पाय धुवायला गेले. मी म्हटलं, "बाबा, पाहत तर नाही तुम्ही!" तर तिकडूनच म्हणाले, "बोलून तं राहिली ना कोणीतरी." आणि थोड्या वेळाने, हळूच, "ही बुढी भल्ली बदमाश दिसते."

आई, मी किती हसली! या दोन डब्यांच्या व्हिडिओत जाड्यालाच पहिला नंबर दिला. एकाने लिहिलं, "ताई, इतका स्लो डबा काऊन?" मी लिहिलं, बोर्डावरून बंद केला तरी तेच चॅनल सरळ लागते. बाकीचं नाही सांगितलं.

आता फोन केला की मागे कोणीतरी भांडत असते. थँक्यू आई, खरंच. तू ते बटन दाबत नसती तर मी बाबांना काळाच डबा देऊन आली असती.

आणि एक. परवा घरी होती, तर बाबा झोपल्यावर मी टीव्ही रिमोटनेच बंद केला. बोर्डाला हात नाही लावला. बाबा एकटेच राहतात ना, वाटलं, घरात कोणीतरी जागं असू दे. लाल दिवा सकाळपर्यंत तसाच होता. तू रागावशील, म्हणून हे तुला पाठवत नाही.