चौथा नियम

रविवार, १२ जानेवारी १९८६

दादाने आज पुन्हा दारवानाला मारलं. सलग तिसरा.

चंद्रप्रकाशच्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही चौघं रविवारी दुपारी खेळतो — तो, आमची मैत्रीण मालन, दादा आणि मी. खेळाचं पुस्तक त्याच्या बोटीवर कामाला असलेल्या मामाने परदेशातून आणलं. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. चंद्रप्रकाश गोष्ट सांगतो, आपण काय करतो ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवतात. पुस्तकात लढाईला एकवीस पानं आहेत. नुसतं बोलून काम काढायचं असेल तर अर्धं पान, तेही मोघम.

मालन म्हणाली, "अरे लवू, आधी विचार तरी ना त्याला, आत सोडतोस का."

"विचारून कोण सोडतं गं?" दादा म्हणाला, आणि तलवार काढली.

खेळ संपला की दादा चपला घालून मुलुंडला आपल्या बिऱ्हाडी निघतो. आमचं घर याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. अठ्ठावीस पायऱ्या. तीन वर्षांत त्याने एकही चढलेली नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. दादासाठी डब्यात सहा वड्या बाजूला ठेवल्या. बाबांनी पाहिलं.  डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं ते त्यांनी दाबून बसवलं.

गिरण्यांचा संप ब्याऐंशीच्या जानेवारीत सुरू झाला. बाबा आणि दादा एकाच गिरणीत, दोघंही बाहेर. नोव्हेंबरात दादा पोलिसांच्या गाडीतून आत कामावर गेला. त्याची छोटी मुलगी तापाने फणफणली होती, घरात औषधही नव्हतं. बाबा त्या दिवशी संपकऱ्यांबरोबर फाटकावर उभे होते. त्यांनी गाडीत त्याला पाहिलं. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "माझ्या दारात पाय ठेवूचो नाय." तेव्हा आई होती. ती मध्ये पडली. उपयोग झाला नाही.

गिरणी पुढे दोघांनाही राहिली नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

खेळात न लढता, बोलून काम काढायचे नियम मी लिहिणार. चंद्रप्रकाश हसला — "ड्रॉइंग ऑफिसवाली बाई आता बोलण्याचंही ड्रॉइंग काढणार." काढणार. मरोळच्या आमच्या कारखान्यात ज्या भागाचं ड्रॉइंग नाही तो भाग बनत नाही.

पहिला: बोलणं चालू असताना शस्त्राला हात नाही.
दुसरा: चूक स्वतःच्या तोंडाने कबूल केली तर फाशांत दोन मिळवा. खोटं पकडलं गेलं तर दोन वजा.

पुढचं अडलं आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी बाबा तांदूळ निवडत होते. मी विचारलं, गावाला देवाकडून उत्तर कसं घेतात? खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला. देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याला कौल म्हणतात हे माहीत होतं, क्रम माहीत नव्हता.

"आधी गाऱ्हाणा," बाबा म्हणाले. "मागणा सांगल्याशिवाय कौल लावूचो नाय. देवाक कळाक होया, तुका काय होया ता."

म्हणजे बरोबर हेच हवं होतं! बाबा पुढे सांगतच होते, पण माझी बस चुकली असती. निघाले.

तिसरा: काय हवं ते आधी स्पष्ट शब्दांत मागायचं, मगच फासे.
चौथा: कौल एकदाच. पडेल तो मान्य. त्याच दारात त्याच माणसाने पुन्हा विचारायचं नाही.

चौथा बाबांनी सांगितला नाही, माझा मी लिहिला. त्याशिवाय नियमांना अर्थ नाही. लोक हवं ते पडेपर्यंत टाकत बसतील.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चारही नियम ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवले. ऑफिसात अमोनिया प्रिंट काढल्या, चार. हाताला अजून वास आहे.

पुढच्या रविवारची गोष्ट मी चंद्रप्रकाशला सांगून ठेवली आहे. गड. दारावर म्हातारा दारवान. बाहेर एक वाटसरू, त्याला आत जायचं आहे. वाटसरू दादा.

चंद्रप्रकाशने माझ्याकडे पाहिलं. "नलिनी, हे खेळातलंच आहे ना?"

"खेळातलंच."

'मला आत यायचंय' हे एकदा तरी दादाने तोंडाने म्हणावं. खोटं नाव घेऊन का होईना.

रविवार, २ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

चंद्रप्रकाश दारवान झाला. "कोण तू? काय पाहिजे?"

दादाने फासे उचलले. सवयीने तलवार म्हणाला, मी पहिल्या नियमावर बोट ठेवलं. मग फासे हातात घोळवत म्हणाला, "मी इथलाच आहे. वेढा पडला होता तेव्हा मी शत्रूकडे चाकरीला गेलो. पोर आजारी होती. तुम्हाला तोंड दाखवायला नको होतं, दाखवावं लागलं. चुकलो की नाही, अजून कळत नाही. चुकलो म्हणतो. आत येऊ द्या."

मालनने हातातला चहा खाली ठेवला. 

दारवान कठोर, दोन फाशांची बेरीज नऊ हवी. कबुलीचे दोन. म्हणजे फाशांवर सात किंवा जास्त. छत्तीसातल्या एकवीस शक्यता त्याच्या बाजूने. मी मनात हिशोब करून निश्चिंत होते.

दोन आणि तीन.

दादा फाशांकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे. "नले, परत टाकू?"

मालन म्हणाली, "टाकू दे ना गं. एवढं झकास बोलला."

मी म्हणाले, "नाही. चौथा नियम."

"बरोबर," दादा म्हणाला. "नियम म्हणजे नियम. बापाची पोर शोभतेस." हसला. फासे माझ्या तळहातावर ठेवून त्याने मूठ मिटवली आणि चपला घातल्या.

मी वर आले तर दार नुसतं लोटलेलं. बाबा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. "बाबा, दार उघडं टाकून झोपता? कोणी आत आलं म्हणजे?" मीच कडी घातली.

रविवार, ९ मार्च

दादा आला नाही.

रविवार, १६ मार्च

आला नाही. तिघांत खेळ होत नाही.

शनिवार, २२ मार्च

चंद्रप्रकाश जिन्याखाली भेटला. दादा काल मस्कतला गेला. फिटरचं काम, दोन वर्षांचा करार. वहिनी आणि छोटी तिच्या माहेरी. मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

मग तो म्हणाला, "तुला सांगू की नको कळत नव्हतं. त्या रविवारी खेळाआधी लवू मला म्हणाला होता — आज दारवानाने सोडलं तर तसाच वर जातो, म्हाताऱ्याच्या पाया पडतो. नाही सोडलं तर मस्कतच्या कागदावर सही करतो."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तूच म्हणालीस ना, खेळातलंच म्हणून."

अठ्ठावीस पायऱ्या चढायला आज वेळ लागला.

मंगळवार, २५ मार्च

ऑफिसात एका ड्रॉइंगवर माप चुकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. ब्लेडने खरवडून दुरुस्त केलं. कागद तिथे पातळ झाला.

रविवार, ३० मार्च

बाबांना कपाटात नियमांची प्रिंट सापडली. चष्मा लावून चारही वाचले. मी सगळं सांगितलं. गड, दारवान, दादा काय बोलला ते शब्दन् शब्द. दोन आणि तीन.

चौथ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या कोणी सांगल्यान तुका? डावो कौल इलो म्हणून कोण घराक जाता? गाऱ्हाणा बदलूचा नि परत कौल लावूचो. मी सांगत हुतंय, तू बस पकडूक गेलंस."

मग, भिंतीकडे बघत:

"त्या आयतवारी 'आत येऊ द्या' म्हणताना लवूचो आवाज ऐकलंय खालसून. म्हणून दाराक कडी घालूक नव्हती."